दगडाखालचा साक्षीदार

पत्रकाचं पहिलं वाक्य रस्त्यानं जाणाऱ्याला थांबवणारं पाहिजे, असं आम्हाला शिकवलं होतं. म्हणून तेच आधी सांगते. मी आठवड्यातून दोन दिवस ज्या मोजणी ऑफिसात काम करते, तिथल्या प्रत्येक खोलीच्या दाराला बाहेरून आत बघायचं भोक आहे.

इमारत सैनिकांची बराक होती. ब्राउनश्वाइगहून पूर्वेला ट्रेन, मग बस, मग बीटाच्या शेतांमधून चालत. जर्मनी दोन होत्या तेव्हा इथून पलीकडे पळणाऱ्यांवर नजर ठेवणारे इथे राहायचे. सरहद्दीला फार चिकटलेली गावं तेव्हाच्या सरकारनं पाडून टाकली, माणसं ट्रकमध्ये घालून लांब कुठेतरी नेऊन सोडली, आणि गावांच्या जागी नुसतं मोकळं गवत ठेवलं, पळणारा लांबून दिसावा म्हणून. पुढे सरहद्द उघडली. सैनिक गेले आणि त्यांच्या रिकाम्या खोल्यांत मोजणीवाले आले.

आमचा शेफ, म्हणजे ऑफिसचा साहेब, त्या पहिल्या मोजणीवाल्यांपैकी. आता पेन्शनला टेकलाय. तो सांगतो, आले तेव्हा एक घडीचं टेबल, एक यंत्र आणि एक शिक्का, एवढंच होतं. लोक रांगेनं यायचे. माझी जमीन कुठंय ते सांगा, म्हणायचे. आणि कपाटातले नकाशे काढले तर सरहद्दीची बाजू कात्रीनं सरळ कापून नेलेली.

"म्हणजे गावंच नाहीत नकाशात?"

"गावं कशी असतील? नकाशात गाव दिसलं तर कुणीतरी तिथं जायला बघेल." तो कॉफी ढवळत बोलला. "मग आम्ही पुन्हा मोजलं. जे दिसलं ते लिहिलं."

"आणि दिसलं काय?"

"गवत."

हे ऐकून माझं डोकं फिरलं होतं, खोटं कशाला सांगू. मी मराठवाड्यातली. गायरान जमीन कसणाऱ्यांच्या नावावर करा म्हणून आम्ही वर्षानुवर्षं पत्रकं वाटली. मोजणीदार येतो, पाटलाच्या ओसरीवर चहा पितो, आणि आमच्या माणसानं पिढीभर कसलेल्या तुकड्यावर 'पडीक' असं लिहून जातो, हे मी डोळ्यांनी बघितलंय. सरकार नव्या मुलखात पाय ठेवतं तेव्हा आधी साखळी घेऊन माणूस येतो आणि मग टेबल मांडतो. त्या टेबलावर जे लिहिलं जात नाही, ते त्या दिवसापासून नसतंच. डॉक्टरेट करायला मी जर्मनीत आले ती याच विषयावर, आणि खर्चाला जोड म्हणून मिळालं ते असलंच ऑफिस. आई म्हणाली, मोजणीच करायची होती तर तालुक्याला काय वाईट होतं.

तर या गवताचं आता एकत्रीकरण निघालं होतं. म्हणजे लहान लहान तुकडे जोडून मोठी कुरणं करायची, जुन्या हद्दी पुसायच्या. पाडलेल्या गावांपैकी एकाची जागा त्यात येत होती. शेफनं पश्चिमेकडच्या एका दप्तरात त्या गावाचा फार जुना नकाशा शोधून काढला होता. मी तो कॉम्प्युटरवर चढवला. घरं, परसू, गोठे, वाटा, सगळं बारीक काळ्या रेघांनी. एकच कोपरा फाटून गेलेला होता, आणि तो नेमका एका घराच्या अंगणाचा.

त्या अंगणाची मुलगी जिवंत होती.

सत्तरीची बाई. ट्रकमध्ये बसवलं तेव्हा शाळेत जायला लागली होती. कागदावर अंगण अजून तिच्या वडिलांच्या नावावर, आणि वडील कधीच गेलेले. ती वर्षानुवर्षं अर्ज करत होती. तिच्या जन्माच्या दाखल्यावर गावाचं नाव होतं, ते गाव सरकारी यादीत नव्हतं, म्हणून दाखला ग्राह्य नव्हता, म्हणून ती त्या बापाची मुलगी आहे हे काही ठरत नव्हतं. तोपर्यंत मालक 'अज्ञात'. आणि अज्ञात मालकाच्या वतीनं बोलायला जिल्ह्यानं एक फरट्रेटर, म्हणजे प्रतिनिधी, नेमून ठेवला होता. जागेवर सुनावणी होणार, तिथे फरट्रेटर मान डोलावणार, आणि अंगण कुरणात विरघळणार.

मी तिला फोन केला. ऑफिसच्या कामाचा भाग नव्हता तो, पण केला. म्हटलं, तुम्ही सुनावणीला या आणि हरकत घ्या.

"मला बोलावलेलं नाही," ती म्हणाली.

"म्हणूनच या."

मग म्हणाली, "तिथे फार थंडी असते. काहीतरी गरम घालून या."

सुनावणीच्या आदल्या संध्याकाळी बाबांचा फोन आला होता.

"काय मोजलंस आज?"

"गवत."

"गवत मोजायला एवढा व्हिसा काढला होय?"

मी त्यांना त्या अंगणाचं सांगितलं. ते ऐकत राहिले आणि मग आपलंच काढलं. "माझ्या आज्याचा आजा शीव चालायचा, माहितीये ना? दोन गावांचा तंटा झाला की डोक्यावर मातीचं ढेकूळ द्यायचे आणि म्हणायचे, चल. तो चालेल ती शीव."

"आणि तंटा मिटला की त्याला शिवेबाहेर."

"ते तर आहेच."

"बाबा, ते वतन आपण फेकून दिलंय. मी त्यावर पत्रक लिहिलंय."

"लिहिलंस की. मीच वाटलंय चौकात. मी आपलं म्हातारे सांगायचे ते सांगतोय. चालताना मध्ये कुणी बोलायचं नाही, आणि वाट चुकली की ढेकूळ जड व्हायला लागायचं म्हणे. मान मोडेल इतकं जड."

"कायतरीच."

"असेल. जेवलीस का?"

सुनावणीच्या सकाळी धुकं होतं. तिथलं धुकं जमिनीवरून वर येतं, वरून खाली येत नाही. गवत गुडघ्यापर्यंत, ओलं, आणि त्याला कशाचाही आकार नव्हता. चौथरा नाही, विहीर नाही, एखादं जुनं झाडसुद्धा नाही. पाडणाऱ्यांनी काम चोख केलं होतं. गुरं, कुत्री, पाखरं, कशाचाच आवाज नव्हता.

शेफ एका लाकडी टेबलाशी उभा होता. तेच घडीचं टेबल, मी विचारलं नाही पण तेच असणार. फरट्रेटर चांगला कोट घालून आलेला, पायांत मात्र शहरी बूट, त्यामुळे एका जागी उभा. आणि ती बाई जरा लांब, पिशवी दोन्ही हातांनी पुढे धरून. आत जाण्याआधी दारात उभं राहतात तशी.

मी काठी घेऊन गवतात होते. काठी म्हणजे उपग्रहावरून जागा ओळखणारं यंत्र, त्याला पडदा असतो. पडद्यावर मी जुना नकाशा टाकला होता. गवतात मी चालतेय आणि पडद्यावर एक ठिपका घरांच्या भिंतींतून आरपार जातोय. शोधायचा हद्दीचा बिंदू जवळ आला की यंत्र बीप बीप करतं, अगदी जवळ आला की सलग वाजतं. मग काठी उभी धरायची, तिच्यावरचा पाण्याचा बुडबुडा मधोमध आला की ओरडायचं, "हिअर". म्हणजे इथे. आमच्या कामात हा शब्द दिवसात इतक्यांदा येतो की तोंड आपोआप उघडतं.

शेफनं मालकांची नावं वाचायला सुरुवात केली. कायदा तसा आहे, प्रत्येक नाव मोठ्यानं घ्यावं लागतं, मेलेल्यांचंसुद्धा, आणि थांबावं लागतं. एक नाव. थांबणं. दुसरं नाव. थांबणं. मी तिकडे लक्ष देत नव्हते. कुणाच्या तरी गोठ्याच्या कोपऱ्यावर होते, बुडबुडा हलत होता. त्यानं पुढचं नाव घेतलं. बुडबुडा स्थिर झाला.

"हिअर," मी म्हटलं.

धुक्यात आवाज कुठून आला ते कळत नाही. मी टेबलापासून लांब होते, त्यांना दिसत नव्हते. शेफची पेन्सिल थांबलेली मला नंतर कळली, त्या क्षणी नुसती शांतता कळली. मग बाईंच्या घशातून एक बारीक आवाज आला. ते नाव तिच्या वडिलांचं होतं.

मी धावत टेबलाशी गेले. फरट्रेटर हसत होता. "तर मग, मालक स्वतः हजर आहेत. आणि त्यांनी हरकत काही घेतलेली नाही. मग माझं काम संपलं."

मी तोंड उघडणार होते. माझ्याकडे अख्खं पत्रक तयार होतं. पण ती बाई टेबलाजवळ आली आणि तिनं पिशवी त्यावर ठेवली.

"हजर आहेत," ती म्हणाली. "आणि हरकत आहे."

"आपण कोण?"

"मुलगी."

"कागद?"

"तुमच्या यादीत माझं गाव नाही."

फरट्रेटरनं हात पसरले, बघा, मी काय करू, असे. शेफ मात्र हसला नव्हता. तो टेबलाकडे बघत बोलला. "कागद नसला तरी जागेवर येऊन हद्दीची खूण जो दाखवेल, त्याचं म्हणणं मला नोंदवावं लागतं. ते नोंदवलं की यांना एकट्यानं हो म्हणता येणार नाही. तुकडा वेगळा राहील, तुमचे कागद तपासून होईपर्यंत."

"खूण म्हणजे दगड?"

"दगड बुलडोझरनं गेले असणार. पण पूर्वीचे मोजणीदार दगडाखाली आणखी खोल काहीतरी पुरून ठेवायचे. दगड कुणी हलवला तरी ते राहावं म्हणून. बाटली, बहुतेक. उलटी." मग तो माझ्याकडे वळला, जसं काही वर्गात सांगतोय. "त्याला त्सॉयगं म्हणतात. साक्षीदार."

मला एकदम राग आला. बाटलीला साक्षीदार म्हणतात, आणि साक्ष द्यायला आलेल्या बाईला कागद मागतात. आमच्याकडे साक्षीदार जिता माणूस होता, त्याला वस्तूसारखं वापरलं. इथे वस्तूला माणसाचं नाव दिलंय. पण हे बोलून दाखवायची ती वेळ नव्हती.

"अंगणाचे तीन कोपरे नकाशात आहेत," मी तिला म्हटलं. "चौथा फाटलाय. तो तुम्हाला दाखवावा लागेल."

तिनं मान हलवली आणि चालायला लागली. मी काठी घेऊन तिच्या मागे.

आता जे सांगते ते मी पडद्यावर बघितलंय. यंत्र आपला माग उमटवत जातं, लाल रेघेनं. मी बाईंच्या पावलांवर पाऊल टाकत होते, तेव्हा ती रेघ तिचीच. ती सपाट गवतातून चालली होती, कुठेही वळायचं कारण नव्हतं, आणि ती वळत होती. पडद्यावर पाहिलं तर शेजाऱ्याच्या भिंतीला वळसा. मग गल्लीतून सरळ. मग गोठ्याच्या कडेनं. लाल रेघ एकाही काळ्या रेघेला शिवली नाही. एके ठिकाणी तिनं पाऊल जरा उचलून टाकलं. पडद्यावर तिथे तिच्या घराचा उंबरा होता.

मी थांबले. आणि काय झालं कुणास ठाऊक, वाकून बूट काढायला लागले. एक गमबूट निघाला पण. पायमोजा ओल्या गवतात.

ती मागे वळून माझ्याकडे बघत होती. मला वाटलं आता हसेल.

"राहू द्या बूट," ती म्हणाली. "आत फरशी आहे. गार असते."

मी बूट घातला. मागून फरट्रेटर विचारत होता, काय झालं, काय झालं. शेफनं त्याला गप्प केलं. घरातून आम्ही मागच्या दारानं बाहेर पडलो. मग अंगण. ती सावकाश, एक मोठं गोल वळण घेऊन गेली, आणि थांबली.

"इथे."

मी खणलं. माती काळी आणि मऊ होती. कोपरभर गेले, हातभर गेले. काही नाही. थोडं इकडे, थोडं तिकडे. मुळं, खडे, पाणी. फरट्रेटर आता जवळ आला होता, बुटांची पर्वा न करता. "साठ-पासष्ट वर्षांपूर्वीच्या आठवणीवर आपण खड्डे काढतोय," तो म्हणाला. वाईट बोलला नाही तो, खरं तर मऊपणानंच बोलला, आणि त्याचाच मला जास्त राग आला.

बाईंचा चेहरा बघवत नव्हता. ती खड्ड्याकडे बघत नव्हती. घर होतं तिकडे बघत होती, जणू तिथून कुणीतरी सांगेल.

मी चिखलाच्या हातानं पडदा पुसला. लाल रेघ बघितली. मागच्या दारापर्यंत सगळं काटकोनात, सरळ. आणि अंगणात मात्र तो मोठा फुगवटा. नकाशात तिथे काही नव्हतं. वळसा घालण्यासारखं काही नाही.

"इथे तुम्ही गोल का गेलात?" मी विचारलं.

"कुठे?"

मी तिला रेघ दाखवली. तिनं चष्मा वर केला. बराच वेळ बघितलं.

"कुत्रा," ती म्हणाली.

"कसला कुत्रा?"

"साखळीला असायचा. शेजारची मुलं त्याला दगड मारायची, म्हणून तो सगळ्यांवरच धावून यायचा. साखळी जिथपर्यंत पुरायची त्याच्या बाहेरून मी जायचे." तिनं पिशवी छातीशी धरली. "कोपऱ्याचा दगड त्याच्या बाजूला होता. त्याला तिथेच बांधलेलं होतं."

"मग चला, दाखवा."

ती हलली नाही.

"चला ना."

"मी तिकडे गेलेले नाही कधी," ती म्हणाली, आणि तिचा आवाज लहान मुलीचा होता. "तू जा. हळू जा. त्याच्याकडे बघू नकोस."

ती आता मला 'तू' म्हणत होती. जर्मनमध्ये म्हातारी माणसं परक्याला असं म्हणत नाहीत.

मी गेले. मोकळ्या गवतात पंधरा-वीस पावलं, भर सकाळी, एका पीएचडीच्या विद्यार्थिनीला त्यात काय अवघड. पण मी नजर खाली ठेवली होती. मागे कुणीही बोलत नव्हतं, फरट्रेटरसुद्धा नाही. काठी खांद्यावर होती आणि ती मला जड वाटायला लागली. मग एका जागी ती जड वाटायची थांबली. मी बुद्ध मानते, भुतंखेतं मानत नाही, हे इथे लिहून ठेवते. पण थांबली, हेही लिहिते.

खणलं तिथे आधी गंजलेलं लोखंड लागलं. एक कडी आणि तिला साखळीचे दोन-तीन दुवे. मी ते बाजूला ठेवलं, बाईंना दाखवलं नाही. आणखी खाली गेले तेव्हा फावड्याला काच वाजली.

बाटलीचं बूड वर होतं, जाड, हिरवट. सभोवती मी बोटांनी माती काढली. शेफ गुडघ्यांवर बसला, त्याच्या पँटीची वाट लागली. फोटो काढले, यंत्रानं जागा घेतली. आतमध्ये हवा होती, कुणीतरी पुरताना अडकलेली, ती इतक्या वर्षांत दुसऱ्या कुणीच श्वासात घेतली नव्हती.

"या," फरट्रेटर म्हणाला. जर्मन लोक हा शब्द 'हो' म्हणून वापरतात, पण तो फार सावकाश म्हणाला, त्यामुळे मला तो मराठीच वाटला. त्यानं जिथे सही करायची होती तिथे रेघ मारली. अज्ञात मालकाच्या वतीनं संमती नाही. शेफनं खाली बाईंचं म्हणणं शब्दशः लिहिलं. अंगण वेगळं राहिलं. आता तिचे कागद तपासावे लागतील, कुणाला आवडो न आवडो, आणि त्या तपासात त्या गावाचं नाव कुणाला तरी हातानं लिहावं लागेल. एवढंच जिंकलो. मी लढे लढलेली आहे, एवढं म्हणजे किती ते मला कळतं.

"बाटली काढायची का?" मी विचारलं.

"साक्षीदाराला काढत नाहीत," शेफ म्हणाला. "झाक."

मी झाकली. शेफ आणि फरट्रेटर सामान आवरायला टेबलाकडे गेले. बाई अजून फुगवट्याच्या बाहेरच उभी होती. तिनं मला हाक मारली.

"माझ्यामागे कुणी नाही," ती म्हणाली. "मी गेले की हे पुन्हा अज्ञात होईल. मग पुन्हा कुणीतरी येईल, नावं वाचेल."

"आता नाही होणार. जागा मशीनमध्ये घेतलीय. बारीकसारीक आकड्यांसकट."

"तेव्हाही घेतली होती," ती म्हणाली. "कागदावर. ती कापून नेली."

मी पडद्यावरचा चिखल बाहीनं पुसला.

"ते यंत्र बंद कर."

मी केलं. पडदा काळा झाला. तिनं माझा चिखलाचा हात धरला आणि मला गल्लीच्या तोंडाशी घेऊन गेली, निदान ती म्हणाली की हे तोंड. मग हात सोडला.

"आता तू एकटी जा. मी इथे उभी आहे. चुकलीस तर सांगणार नाही."

मी तिला म्हणू शकले असते की बाई, मी मोजणी ऑफिसात तात्पुरती आहे, माझा व्हिसा ठरावीक मुदतीचा आहे, मी तुमच्या गावची नाही, मी कुठल्याच गावच्या आतली नाही. त्यातलं काही म्हटलं नाही. धुकं टेबलापर्यंत आलं होतं, शेफ दिसत नव्हता. मी चालायला लागले. भिंतीशी आले तेव्हा वळले. तिथे वळायचं हे मला कसं कळलं ते मी सांगू शकत नाही. मागे ती गप्प होती.